घोषणा दोनदाच

३ तारीख, सोमवार

ही वही चिमीने मागच्या वाढदिवसाला दिली होती. लिहायला कधी काही नव्हतं. आज कुणाच्या तरी अंगावर धावून जायचंय आणि घरात तसं कुणी नाही, म्हणून वही काढली.

वार्षिक शेरा आला. बस स्थानकात बावीस वर्षं माईकवर बसतेय मी. पाळीला बहात्तर गाड्या. गाडी कुठली, फलाट कुठला, एवढंच सांगायचं, पण ते चुकवायचं नाही. आणि हा नवा साहेब, सहा महिन्यांपूर्वी आलेला, माझ्या कागदावर लिहितो : 'घोषणा स्पष्ट, परंतु हाफहार्टेड.' बाकी सगळं मराठीत आणि तेवढाच शब्द इंग्रजीत. म्हणजे आम्हाला कळू नये आणि त्याला बोचवल्याचं समाधान मिळावं.

खाली चौकशीच्या खिडकीत बसते तिला दाखवला. ती म्हणाली, "हार्ट म्हणजे हृदय. तुझं हृदय अर्धं आहे असं काहीतरी." मी म्हटलं, "डॉक्टर आहे का तो?"

पुढचं ऐका. शेऱ्याखाली बारीक अक्षरात : 'पर्यायी ध्वनिमुद्रित आवाजाचा विचार व्हावा.' म्हणजे मशीन बसवणार आणि मला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत टाकणार. त्या खोलीत खिडकी नाही. चारशे छत्र्या आहेत. डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

संध्याकाळी चिमी म्हणाली, "आई, कागद आले. परदेशातल्या त्या हॉस्पिटलने प्रयोगशाळेत घेतलं मला. तीन वर्षं. एकवीस तारखेला जायचं." मी म्हटलं, "बरं. जेवून घे."

४ तारीख, मंगळवार

साहेबाला गाठलं. म्हटलं, "चूक दाखवा. बावीस वर्षांत एक फलाट चुकीचा सांगितला असेल तर दाखवा."

म्हणाला, "चूक नाही हो बाई. पण त्यात उत्साह नाही. प्रवाशाला वाटलं पाहिजे की आपलं स्वागत होतंय."

स्वागत करायला मी काय दारात हार घेऊन उभी आहे? पहिल्या वर्षी मीही अशीच होते, चिवचिव करायची. एकदा धरणाकडची गाडी दोन तास उशिरा असल्याचं अगदी गोड आवाजात सांगितलं. एक माणूस जिना चढून वर आला, काचेशी उभा राहिला. म्हणाला, "बाई, माझे वडील वारलेत. तुम्हाला कसला एवढा आनंद झालाय?" तेव्हापासून आवाज सरळ केला. एकाच गाडीत लग्नाला जाणाराही असतो आणि मयताला जाणाराही. दोघांना चालेल असा एकच आवाज लागतो. हे त्याला सांगितलं. त्याने मान हलवली आणि घड्याळ बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

६ तारीख, गुरुवार

माईकवरचा स्पंज झिजून गेला म्हणून गेली दोन वर्षं ह्यांचा मोजा लावलाय. धुतलेला. 'प' म्हटलं की फट आवाज होतो तो होत नाही. अर्ज केला होता स्पंजासाठी, तीनदा. आज साहेब मोज्याकडे बघून हसला. स्पंजाला पैसे नाहीत, मशीनला आहेत.

९ तारीख, रविवार

शब्दकोश काढला. 'अर्ध्या मनाचा, निरुत्साही, मनापासून नसलेला.' माझं मन अर्धं? आजारी असताना, ताप अंगात असताना बसलेय मी त्या काचेच्या खोलीत. सासऱ्यांना स्मशानात पोचवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाची बंदराची गाडी मी सांगितली होती.

चिमीला विचारलं, तिचं इंग्रजी चांगलं. ती बॅगेत पुस्तकं भरत होती. म्हणाली, "आई, तसं हा शब्द माणसाला कमी लावतात. प्रयत्नाला लावतात. टाळ्यांना लावतात. होकाराला लावतात."

मी म्हटलं, "बघ. म्हणजे त्याला वापरताही येत नाही. मी कुणाला होकार देत नाही, मी गाड्या सांगते."

तिने हातातलं पुस्तक बॅगेत ठेवलं. मग म्हणाली, "मला दिलास ना. 'बरं. जेवून घे.' त्याला म्हणतात हाफहार्टेड."

असं का बोलली कुणास ठाऊक. जा म्हटलं ना मी? नको म्हटलं असतं तर आकांडतांडव केलं असतं. जा म्हटलं तर कसं म्हटलं यावर शेरा. घरातही एक साहेबीण तयार झाली आहे. मी उठून कुकर लावला.

हे मात्र सगळं ऐकून चष्म्याच्या काचा पुसत बसले. हे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, घरीही तेच करतात.

११ तारीख, मंगळवार

आज मशीनची चाचणी. कुठल्यातरी पोरीचा भरून ठेवलेला आवाज. मला काचेच्या खोलीतच बसवलं, हात मांडीवर ठेवून.

"नमस्कार प्रिय प्रवासी मित्रहो, आपलं मनःपूर्वक स्वागत. फलाट क्रमांक चारवर आपल्या सेवेसाठी सज्ज आहे..." आणि एवढं सगळं झाल्यावर शेवटी गाव. अरे, माणूस आपल्या गावाचं नाव ऐकेपर्यंत कानच उघडत नाही. गाव ऐकलं की मग तो पुढचं ऐकतो. म्हणून आधी गाव, मग फलाट, मग पुन्हा गाव, पुन्हा फलाट. असं दोनदा. हे मला कुणी शिकवलं नाही, मी वरून माणसांच्या माना बघून शिकले. गाव म्हटलं की मान वर होते.

मशीनवर कुणाची मान वर झाली नाही. धरणाची गाडी निघून गेली आणि एक म्हातारे आजोबा दोन पिशव्या घेऊन चौकशीच्या खिडकीशी आले. "धरणाची लागली का?" चौकशीवालीने इंटरकॉमवर मला सांगितलं, "सकाळपासून चाळीस जण आलेत माझ्याकडे. मीच आता मशीन झालेय." आजोबा पुढच्या गाडीपर्यंत तीन तास बाकावर बसून राहिले.

साहेब म्हणाला, "होईल सवय." कुणाला? त्या आजोबांना?

१४ तारीख, शुक्रवार

साहेबाने कृपा केली. म्हणाला, "बाई, तुम्हाला एक संधी देतो. एकवीस तारखेला दुपारच्या पाळीत मी तुमच्या खोलीत बसेन. प्रत्येक घोषणेला शेरा देईन. रेकॉर्डही करू, वरच्या ऑफिसला पाठवायला. उत्साह दिसला तर माईक तुमचा."

मी हो म्हटलं. घरी येऊन कॅलेंडर बघितलं. एकवीस. चिमीची विमानतळाची गाडी त्याच दिवशी, चार वीसची, फलाट तीन.

ह्यांना सांगितलं. हे पहिल्यांदा बोलले. "तू येणार नाहीस फलाटावर?"

मी म्हटलं, "मी तिथेच असणार ना. वर."

"वर," हे म्हणाले. चिमी दारात उभी होती हे मला नंतर कळलं. तारीख बदलून मागू का साहेबाकडे? पण मग म्हणेल, बघा, ह्यांचं कामात मनच नाही. त्याच्या हातात कोलीत द्यायची माझी तयारी नाही.

१७ तारीख, सोमवार

आरशासमोर उत्साह करून बघितला. "बंदर, फलाट दोन," असं हसत हसत. हे बाथरूममधून बाहेर आले आणि म्हणाले, "काय झालं? दुखतंय का कुठे?"

चिमीची बॅग भरून झाली. तेवीस किलोच्या आत बसवायची म्हणून तिने माझं दिलेलं जाड पांघरूण बाहेर काढलं. तिकडे मिळतं म्हणे. मिळत असेल. मी ते घडी घालून परत कपाटात ठेवलं. चिडायला काय झालं होतं कळत नाही, पण कपाटाचं दार एवढ्या जोरात लागलं की शेजारची विचारायला आली.

२० तारीख, गुरुवार

चिमी म्हणाली, "आई, उद्या तू सांगशील ना माझी गाडी?" मी म्हटलं, "चार वीसची मीच सांगते रोज. उद्या काय वेगळं?" ती हसली. म्हणाली, "काही नाही. ऐकते मी." मी तिला घरून निघताना काय द्यायचं ते दिलं : डबा, सुटे पैसे, औषधांची पिशवी. रडारड नको असं आधीच सांगून ठेवलंय.

२१ तारीख, शुक्रवार

क्रमाने लिहिते.

दोन वाजता साहेब आला. खुर्ची, फाइल, छोटा रेकॉर्डर. पहिल्या चार गाड्यांना मी उत्साह आणला. मलाच माझी किळस आली. पाचव्याला म्हटलं, खड्ड्यात गेला उत्साह, आणि नेहमीसारखं सुरू केलं. तो लिहीत होता. मी बघितलं नाही.

चार वीस. विमानतळ, फलाट तीन. नेहमीसारखं सांगितलं, ना एक शब्द जास्त ना एक कमी. काचेतून खाली हे दिसत होते, चिमीची बॅग डिकीत ठेवताना. चिमी बसली. गाडी निघाली.

आणि मग तो मूर्ख मिशीवाला ड्रायव्हर. माझ्या खोलीच्या बरोबर खाली गेट आहे. गेटाशी येऊन त्याने करकचून ब्रेक लावला आणि गाडी थांबवून ठेवली. कारण नाही, काही नाही. खिडकीतून मुंडकं बाहेर काढून वर माझ्याकडे बघत बसला. मागे धरणाची गाडी हॉर्न वाजवतेय. चिमीची खिडकी माझ्या बाजूला होती. ती वर बघत होती. मला तिचा चेहरा अगदी स्पष्ट दिसला, कपाळावरचा तो लहानपणचा व्रणसुद्धा. तिने हात काचेला लावला. मीही लावला, साहेब बसला होता तरी. चाळीस सेकंद तरी असतील. मग मिशीवाल्याने हात उडवला आणि गाडी काढली.

परीक्षेच्या दिवशीच त्याला हे सुचावं. आता वेळापत्रक बिघडलं ते माझ्या नावावर. पाळी संपल्या संपल्या खाली जाऊन तक्रार लिहिली : 'विमानतळ गाडी, चार वीस, चालकाने गेटावर विनाकारण थांबवली. चालकाचे कामात मन नाही.' सही ठोकली.

घरी हे दिवा न लावता बसले होते. मी म्हटलं, "जेवायचं नाही का?" म्हणाले, "वाढ." दोनच ताटं घेतली. तिसरं आधी हातात आलं होतं, ते परत ठेवलं.

२२ तारीख, शनिवार

चिमी पोचली. फोन आला, आवाज तुटत होता. म्हणाली, "आई, गाडी थांबवलीस ना." मी म्हटलं, "मी कशाला थांबवू? तो ड्रायव्हर वेडा आहे. तक्रार केलीय मी." ती काहीतरी म्हणाली पण लाइन गेली.

२४ तारीख, सोमवार

मिशीवाला जिना चढून वर आला. पंधरा वर्षं ओळखते त्याला, कधी आवाज चढवला नव्हता त्याने. आज काचेवर थाप मारली.

"बाई, माझ्या कागदावर शेरा पडणार तुमच्यामुळे. कामात मन नाही म्हणे. तुम्हीच बोलायचं आणि तुम्हीच तक्रार करायची?"

मी म्हटलं, "काय बोलले मी?"

"तिसऱ्यांदा बोललात."

मी हसलेच. घोषणा दोनदाच. तिसरी फक्त बदल असेल तेव्हा, आणि तिसरी ऐकली की ड्रायव्हरने गाडी जिथे असेल तिथे थांबवायची. हा नियम मीच घालून दिलाय, एक बाई चालत्या गाडीमागे धावून पडली होती त्यानंतर. तो नियम मी मोडेन? चोराच्या उलट्या बोंबा. त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "साहेबाकडे रेकॉर्डिंग आहे. चला."

चला तर चला. जिना उतरताना चौकशीवाली खिडकीतून बघत होती. तिला म्हटलं, "तू सांग गं ह्याला. शुक्रवारी विमानतळाची किती वेळा सांगितली मी?" ती शिक्के नीट लावत बसली. मग खाली बघूनच म्हणाली, "तीन."

साहेबाने लावलं. माझा आवाज. "विमानतळ, फलाट तीन. विमानतळ, फलाट तीन." मग रिकामं. इंजिनाचा आवाज, गाडी निघाल्याचा. आणि मग कुणी बाई, माझ्याच मोज्यातून बोलणारी, म्हणाली, "विमानतळ." फलाट नाही, काही नाही. नुसतं विमानतळ, आणि तेही असं, की मला ते दुसऱ्यांदा ऐकवेना. मी म्हटलं, "बंद करा."

मिशीवाला टोपी हातात घेऊन उभा होता. मी त्याच्यासमोर तक्रारीचा कागद मागून घेतला आणि फाडला. म्हटलं, "चूक माझी." तो म्हणाला, "माहीत नव्हतं हो मला कोण बसलंय गाडीत. नाहीतर अजून थांबलो असतो." आणि खाली गेला.

साहेबाने मला थांबवलं. फाइल उघडली. शुक्रवारच्या सगळ्या घोषणांसमोर तोच त्याचा लाडका शब्द, हाफहार्टेड, हाफहार्टेड, खाली खाली ओळीने. पहिल्या चारांसमोर 'कृत्रिम'. आणि चार वीसच्या तिसऱ्या घोषणेसमोर 'उत्कृष्ट. मनापासून.' खाली दोन रेघा.

"बघा बाई," तो म्हणाला, अगदी आनंदाने, "तुमच्यात आहे. हेच हवंय मला. नियमाबाहेरची झाली ते सोडा, पण हाच आवाज. सगळ्या गाड्यांना हा आवाज द्या, मी स्वतः वर लिहितो. माईक तुमचाच."

बावीस वर्षांत जेवढा राग आला नाही तेवढा त्या दोन रेघा बघून आला. पण ओरडले नाही. माईकवर बोलते तशीच बोलले, सरळ.

"साहेब, पाळीला बहात्तर गाड्या. रोज बहात्तर लेकी कुठून आणू?"

त्याला लगेच कळलं नाही. मग कळलं असावं, कारण त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "पण मग मशीनच लावावं लागेल, बाई."

"लावा," म्हटलं. "फक्त गाव आधी सांगायला सांगा तिला. म्हातारी माणसं असतात."

एक तारखेपासून छत्र्यांच्या खोलीत. वर येऊन मोजा काढून पिशवीत टाकला. मग परत लावला, अजून सहा दिवस आहेत.

२५ तारीख, मंगळवार

चिमीचा फोन. लाइन चांगली होती. खोली लहान आहे, थंडी आहे, पांघरूण विकत घ्यावं लागलं, पातळ मिळालं. मी म्हटलं, "मी दिलं होतं ना जाड." ती म्हणाली, "हो. चुकले." मग माईकचं विचारलं. सांगितलं. ती रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नको, छत्र्या मोजायला तेवढाच वेळ मिळेल."

फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "आई, आता ठेवू?" माझ्या तोंडात 'बरं' आलंच होतं.

"लवकर ये," म्हटलं. पुन्हा एकदा म्हटलं. हे चष्मा पुसायचं थांबवून माझ्याकडे बघत होते, म्हणजे तिसऱ्यांदाही म्हटलं असणार. चिमीने फोन ठेवला नाही.